दूर जाणाऱ्याची राखण

नासिर गेल्याची बातमी मंगेशने आणली. मी दुकानाचं शटर ओढत होतो. तो रिक्षातून उतरून थेट समोर आला. "दुबईहून फोन होता, नासिरच्या शेजारच्या रूममधल्यांचा... सकाळी उठलाच नाही." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "त्याच्याजवळ कोण होतं?" "एकटाच होता," मंगेश म्हणाला. हा प्रश्न आम्हा तिघांच्या एका खेळातला. महिना उलटला, तरी त्या खेळाशिवाय नासिर मला सांगता येत नाही.

अठ्ठ्याण्णव साली त्याचा बोटीवरचा मामू कुठल्याशा बंदरातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे घेऊन रत्नागिरीला आला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. ग्रह, विमानं, मंत्रतंत्र, सगळ्याची खिचडी. गोष्ट मंगेश सांगायचा. नासिर तेव्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होता. त्याने दुसऱ्या ग्रहावरच्या यंत्रात बसल्या जागेवरून मनाने शिरायचं काम हट्टाने मागून घेतलं. वर पुस्तकातले त्या कामाचे नियमही साहेबांना पुळचट वाटले. "इतक्या सुखासुखी कोन आत घेतो?" म्हणाला, आणि स्वतःचे बनवले. त्याच्या खेळात यंत्रही फासा टाकायचं. यंत्राचा आकडा मोठा पडला, की ते नासिर गेला त्याच वाटेने उलट यायचं, त्याच्या शरीराकडे. त्याला पत्ता लागायचा नाही, कारण तो तिकडे आणि शरीर इकडे. म्हणून शरीराला राखण हवी. हे काही पुस्तकात नव्हतं. आमच्याकडे आंब्याच्या बागेलाही न दिसणारा राखणदार असतो, आणि त्याला मानण्यात कोण नमाजी, कोण देवळात जाणारा, असा फरक नसतो.

नासिर त्याच्या घरच्या पुढच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा, कानांवर तळवे घट्ट दाबून. मी शेजारच्या स्टुलावर, हात पोचेल इतक्या अंतरावर. तो "आलो" म्हणेपर्यंत राखणदाराने उठायचं नाही. मंगेश हळूच माझ्या कानाशी सांगायचा, आता जिन्यावर काय आहे, आता दारापर्यंत काय आलंय... भरदुपारी, बाहेर मासेवालीची हाक चालू असताना, अंगावर काटा यायचा. एकदा त्याची आई चहा घेऊन आली. आम्ही तिला खाला म्हणतो. ती दारातच थबकली. "जित्या मानसाला असं काय बसवता रे? मयतासारखा दिसतोय." नासिर डोळे न उघडता हसला. खाला हसली नाही.

पुढे तो दुबईला नोकरीला गेला. शुक्रवारी सुट्टी, शुक्रवारी घरी फोन. आधी आईशी बोलायचा, मग आमच्याशी खेळ. फासे तिकडे तोच टाकायचा, यंत्राचे आम्ही. मी विचारलं, "तिथे राखण कोण?" "हय कोन नाय. एकटाच हाय रूममध्ये. तूच बस थंय." म्हणून मी रिकाम्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसायला लागलो. नियमाचा एवढा पक्का माणूस, पण ही पळवाट त्यानेच काढली, आणि आम्हाला तिची गंमत वाटली. खालाला नाही वाटली. "रिकाम्या खुर्चीची राखण करू नये," ती एकदाच म्हणाली आणि आत निघून गेली.

शेवटच्या फोनवर त्याचा आवाज बसलेला होता. छातीत जड वाटतंय म्हणाला. मी डॉक्टरकडे जा म्हटलं, तो जातो म्हणाला. मग नेहमीचं, "राखण हाय ना?" "आहे." "हात पोचतो?" "खुर्चीला पोचतो," मी म्हटलं, आणि तो खोकत खोकत हसला. त्याने फासा टाकला. आमच्याकडे यंत्राचा पडला, मोठा. मंगेश माझ्या कानाशी म्हणाला, "दार उघडलं." तेवढ्यात त्याचं फोनकार्ड संपलं आणि लाइन कट झाली. असं नेहमी व्हायचं. "आलो" राहिलं, पुढच्या शुक्रवारी म्हणेल, असं म्हणत आम्ही उठलो. तो शुक्रवार यायच्या आतच दुबईहून तो फोन आला.

त्याची पेटी विमानाने मुंबईला आणि तिथून गाडीने आली. खुर्चीच्या त्याच खोलीत त्याला ठेवलं. मी दाराशी उभा होतो. खालाने मला हाक मारली आणि ते स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. "बस हय. आता पोचतो हात." मी बसलो. जनाजा उचलला तेव्हा मला उठावं लागलं... तो काही म्हणाला नव्हता, तरी.

मी अजून शुक्रवारी जातो. खुर्ची खालाने हलवू दिलेली नाही, फोनही तिथेच आहे. गेल्या खेपेला गेलो, तर स्टुलावर ती स्वतः बसली होती, एक हात खुर्चीच्या दांडीवर ठेवून. चहाची वेळ टळून गेली होती. मी म्हटलं, "खाला, ऊठ आता."

"कशी उठू," ती म्हणाली. "तो आलो म्हनला नाय अजून."