ठाण्याला न केलेला फोन

माझे वडील पोलीस खात्यात जमादार होते. ठाण्याच्या जीपमध्ये डिझेल नसलं की पंचनाम्याला ते स्वतःच्या सायकलवर जायचे. मी शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणांनी वाशीम जिल्ह्यातल्या लहान ठाण्यांसाठी संस्था काढली. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन कुठे महिला शिपायांसाठी संडास बांधून दिला, कुठे टॉर्च, कुठे खुर्च्या. "पोलिसाले कायले मदत पाह्यजे, बाई?" असं लोक विचारायचे. त्यांना उत्तरं देता देता मी अध्यक्ष झाले.

मानोऱ्याकडच्या एका ठाण्याची जीप गुळगुळीत टायरांमुळे नुसतीच उभी होती. कारंज्याच्या एका दालमिलवाल्या शेठनं नवे टायर दिले. नारळ फुटला, फोटो निघाले.

दिवाळीनंतर एका सकाळी शेठचा फोन आला. त्यांच्या भाच्याच्या गाडीनं आदल्या संध्याकाळी एका तांड्याजवळ शेळ्या घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याला उडवलं होतं. भाचा न थांबता घरी निघून आला होता.

"ताई, ठाण्यात तुमच्या शब्दाले वजन हाय. एक फोन करा. गुन्हा दाखल नाही झाला पाह्यजे."

"शेठ, असं मी कसं सांगू?"

"टायर तं मीच देले ना," ते शांतपणे म्हणाले.

फोन मी केला नाही. पण मनात दुसरीच धास्ती बसली. शेठ परस्पर ठाण्यात गेले असतील तर? आणि ठाण्यानं त्यांचं ऐकलं असेल तर? मग इतकी वर्षं आपण मदत वाटली, की मिंधेपण? घरात बसवेना. दुपारच्या एसटीनं मी ठाणं गाठलं.

ठाणेदार अकोल्याकडचे, मोजकं बोलणारे. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"ताई, शेठसाठी आल्या का?"

"नाही. गुन्हा दाखल झाला का, एवढंच विचारायला आले."

"कालच झाला. शेठ येऊन गेले इथं. म्या सांगतलं, टायर परत पाह्यजे असन तं जॅक देतो, काढून न्या."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. म्हातारा कसा आहे, हे विचारायलाही धीर होत नव्हता. त्यांनीच सांगितलं, "बोलून राह्यला आता. ॲम्बुलन्स दुसरीकडं गेली होती, मंग आमच्या जीपनंच वाशीमले नेलं. डॉक्टर म्हने, उशीर झाला असता तं हाती लागला नसता. शेठलेही हेच सांगतलं. भाच्याच्या डोक्यावर एक मरन येता येता राह्यलं."

शेठनं पुढे आमच्याशी बोलणं टाकलं. खटला अजून चालू आहे. पण म्हातारा काठी टेकत हिंडायला लागल्यावर भाच्याला घेऊन ते तांड्यावर जाऊन आले, असं मला त्यांच्या बहिणीकडून कळलं. देणगी घेताना आता आम्ही आधीच सांगतो, बदल्यात काही मिळणार नाही. त्यानं काही देणगीदार गळाले, तरी काम थांबलं नाही.

त्या दुपारी ठाण्यातली महिला शिपाई मला बाहेरच्या टपरीवर घेऊन गेली. "ताई, तोंड सुकलं तुमचं," म्हणाली. सकाळपासून मी पाणीसुद्धा धड प्यायले नव्हते. कढईतली गरम भजी समोर आली आणि मी बोलणं विसरून खात सुटले.