पोकळ वाजलेलं येस

अबुधाबीतल्या एका व्हिलाच्या बाथरूममध्ये काका दगडी फरशी बसवत होते. ते कोकणातले, पन्नाशीचे. त्यांचं नाव विचारायचीही मला लाज वाटली होती. इंटिरियर डिझायनर म्हणून माझी ती पहिलीच साइट. मालकीणबाईंना लंडनच्या हॉटेलातली गरम फरशी आवडली होती, म्हणून दगडाखाली हीटिंगच्या वायरी टाकल्या होत्या. बाहेर मे महिना होता.

"वरून एसी, खालून शेगडी," काका म्हणाले. "मधला माणूस म्हणजे भाकरीच की हो ताई!"

प्रत्येक फरशी बसवली की ते वाकून कान लावायचे आणि बोटाने टकटक करायचे. भरीव वाजली तर पुढे जायचे. पोकळ वाजली तर निमूटपणे उचलून पुन्हा बसवायचे.

शेवटची फरशी बसली आणि मालकीणबाईंचा फोन आला. संध्याकाळी पाहुणे येणार, तेव्हा हीटिंग आजच चालू करा. खालचा सिमेंटचा मसाला वाळायला तीन आठवडे हवेत, आधी तापवला तर महागडा दगड तडकेल आणि माझी नोकरीही जाईल, हे मला पाठ होतं. तरी मी म्हणाले, "येस मॅडम."

फोन ठेवताच काकांनी दारावर टकटक केलं. "ताई, तुमचं येस पोकळ वाजलं. उचला."

मी फोन उचलला आणि परत लावला. "मॅडम, सॉरी, नो. तीन आठवडे नो."

पलीकडून आवाज आला, "खलास, ठीक आहे. पाहुण्यांना स्लिपर्स देते."

"भरीव," काका म्हणाले आणि चहाला गेले.