कठड्याचा वास

काल काळू नदीवरच्या नव्या, उंच पुलाच्या लोखंडी कठड्याला हात टेकला आणि तळहाताला गंजाचा वास आला. खाली पाण्यालगत जुना, बुटका पूल अजून उभा होता.

आसनगावहून लग्न होऊन मी टोकावड्याकडच्या या गावात आले, ते पहिलंच वर्ष. माहेरची वाट त्या जुन्या पुलावरूनच. पावसाच्या तोंडावर एका सकाळी पाहते, तर काही बाप्ये कठड्याचे पाईप उपसून बैलगाडीत टाकताहेत. मी ओरडलेच, “चोर! चोर!”

गाडीजवळून माझे सासरेच हसत वळले. “चोर नाय गो, आमी हाव. कठडा ठेवला तं वाहती झाडं अडकतील, आन् पाणी पूलच उखडून नेल.”

मला काही ते पटलं नाही. पुढं पूर आला, पूल पाण्याखाली गेला आणि माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात मुळासकट उपटलेला उंबर वाहत आला आणि पुलाच्या जागेवरून, कुठंही न अडकता, अलगद निघून गेला. पाणी ओसरलं तेव्हा पूल जसाच्या तसा! पुराशी झुंजायचं नाही, त्याला डोक्यावरून जाऊ द्यायचं, हे ठरवूनच कुणीतरी तो बांधला होता. त्या डोक्याला आजही माझा नमस्कार.

दिवाळीला मी माहेरी निघाले, तेव्हा कठडा परत बसत होता. सासऱ्यांनी एक पाईप माझ्या हातात दिला. “बसव, सूनबाई. तुझ्या माहेराची वाट हाय तिथंच हाय.”

आसनगावला आईनं विचारलं, “हाताला कसला गो वास?”

“आमच्या पुलाचा,” म्हटलं, आणि हात मुद्दामच उशिरा धुतला.