सात एकांची संख्या

उत्तराबाई प्रधानांना डोंबिवलीच्या त्या शाळेत कायम व्हायचं होतं. घरात नोकरी करणारी ही पहिलीच बाई, आणि सासूबाईंनी तर शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलेलं. साल १९५३, मार्च महिना. शिफारस लिहायची होती मुख्याध्यापक हरिहरपंतांनी.

हरिहरपंत म्हणजे गणितातला दादा माणूस. त्यांची एक लाडकी संख्या होती, १११११११. दर स्नेहसंमेलनात सांगायचे, "सात एक खांद्याला खांदा लावून उभे आहेत. कुणाच्याने भागले जाणार नाहीत." पंतांचा न्याय सरळ होता. तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. त्यांतल्या एकाही पाढ्याने जिला भाग जात नाही, ती मूळ संख्या. नऊशे साठपर्यंत हा नियम बिनचूक चालतो, आणि शाळेच्या पुस्तकात त्याच्या पुढे जातंय कोण?

उत्तराबाई गेल्या. रोज पोळ्या उरकल्या की पाटीवर एकदोन भागाकार. तिसाच्या आतलं पंतांनी पाहिलेलंच होतं, म्हणून एकतिसापासून सुरुवात केली. एकेक मूळ संख्या घेत गेल्या. एकेचाळीस वेळा बाकी उरली. बेचाळिसाव्या खेपेला, दोनशे एकोणचाळीसने भागल्यावर, शून्य आलं.

"आधी शिफारस पदरात पाडून घे, मग काय ते बोल," सासूबाई म्हणाल्या. सल्ला शहाणपणाचाच होता. पण दुसऱ्याच दिवशी वर्गात शीलाने सरळ विचारलं, "बाई, सात एक मूळ संख्याच ना?" बाईंना खोटं बोलवेना.

"नाही," त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीपर्यंत हे पंतांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून घेतलं. टेबलावर शिफारशीचा कागद कोराच होता.

"कशाने भाग जातो?"

"दोनशे एकोणचाळीसने, सर. भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास."

पंतांनी गुणाकार केला. मग वरची संख्या खाली आणि खालची वर मांडून पुन्हा केला. दोन्ही वेळा सात एक. त्यांचे कान लाल झाले. गेली नोकरी, उत्तराबाईंच्या मनात आलं. तरी मान खाली घालावीशी वाटेना. एकेचाळीस बाक्या त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या, आणि त्याचा त्यांना चांगला भरघोस अभिमान वाटत होता.

पंतांनी कागद ओढला, शिफारस लिहिली, सही ठोकली आणि उठले. "चला तुमच्या वर्गावर."

मुलींना वाटलं, आता बाईंची खरडपट्टी निघणार. पंत मागच्या बाकावर शीलाशेजारी जाऊन बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. बाईंनी फळ्यावर सगळा भागाकार करून दाखवला आणि कुणाला काही शंका आहे का, असं विचारलं.

सगळ्यांत आधी पंतांचा हात वर झाला. ते उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "कुठपर्यंत भागून पाहायचं, हे मला कधी नीट कळलंच नाही."