थोरलीच्या नळ्यांचा रंग

कारखान्यात सहा भट्ट्या होत्या आणि सहाही बायकाच होत्या. कागदोपत्री त्यांना आकडे होते, पण आकड्याने कोण कुणाला हाक मारतो? पहिली ती थोरली, तिच्या शेजारची मधली, तिसरी आत्याबाई. वारा जरा फिरला की आत्याबाई धुसफुसायला लागायच्या. असं करत करत सगळ्यांत शेवटची धाकटी. ही नावं ठेवली मास्तरांनी. मास्तर काही शाळेतले नव्हेत. भट्टीच्या माळ्यावर पस्तीस वर्षं उभा राहिलेला माणूस तो. नव्याने आलेल्या प्रत्येकाला भट्टीत बघायला त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, आणि ते वाचून त्यांना स्वतःलाच क्षणभर परक्यासारखं व्हायचं.

भट्टीत बघायला काय शिकायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. भट्टीच्या भिंतीला तळहाताएवढ्या झडपा होत्या. झडप सरकवायची, निळ्या काचेचा चष्मा लावायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने आत बघायचं. आत दोन मजले उंचीच्या नळ्या लटकलेल्या, दोन्ही बाजूंनी ज्वाळा. त्या नळ्यांमधून नाफ्ता वाफेसोबत धावायचा. नाफ्ता म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊच. पापणी लवायच्या आत त्याचे तुकडे व्हायचे, आणि त्या तुकड्यांतून इथिलीन निघायचं, ज्याच्या पिशव्या आणि पाइप होतात. प्रोपिलीन निघायचं, त्याच्या खुर्च्या आणि दोर. शिवाय जड वायू निघायचे, ते कुंपणापलीकडच्या रबराच्या कारखान्यात जायचे. ताप कमी पडला तर नाफ्ता नीट तुटायचा नाही. जास्त झाला तर त्याचा पार भुगा व्हायचा. प्रोपिलीन उतरायचं, नुसता जाळायच्या लायकीचा मिथेन वाढायचा आणि नळ्यांना आतून काजळी धरायची. मग भट्टी बंद करून ती काजळी जाळत बसा.

थोरली जुनी. तिच्या नळ्यांच्या तोंडाशी बसवलेले तापमापक काजळीने माखायचे आणि सर्रास खोटं सांगायचे. ते बदलायला पैसे कधी मंजूर झाले नाहीत. म्हणून रिवाज असा पडला की पाळी सुरू झाली की मास्तर वर चढणार, उजव्या डोळ्याने नळ्यांचा रंग बघणार आणि फोनवरून सांगणार, थोरलीला पाच अंश वर घ्या, नाहीतर आठ खाली घ्या. खालचे लोक मुकाट ऐकायचे. बाकीच्या दोन पाळ्याही मास्तरांनी लावून दिलेल्याच खुणेवर चालायच्या. थोरली त्यांच्या हाताखाली साठ-साठ दिवस काजळीशिवाय धावायची. शेजारपाजारच्या कारखान्यांतून माणसं बघायला यायची, आणि मास्तर तोऱ्यात सांगायचे, रंग बघा, आकडा काय बघता.

त्या काळी भट्टीच्या वायूचा नमुना प्रयोगशाळेत हाताने पोहोचवावा लागे. त्यासाठी वेगळा माणूस होता, तरी थोरलीचा नमुना मास्तर स्वतः घेऊन जायचे. प्रयोगशाळेत एक सडपातळ मुलगी होती. नमुना तपासून ती चिठ्ठीवर आकडे लिहायची आणि मान वर न करता म्हणायची, प्रोपिलीन सोळा टक्के, छान आहे. वर्षभर मास्तर त्या "छान आहे"साठी जिने चढत-उतरत राहिले. सोबतच्यांनी थट्टा करून करून त्यांना सळो की पळो केलं. शेवटी त्या मुलीच्या भावानेच लग्नाचा विषय काढला आणि दोघांचं जमलं. हा भाऊ कुंपणापलीकडे रबराच्या कारखान्यात होता, आणि तो गमतीने म्हणायचा, भावजी तुम्ही वर चूल पेटवता म्हणून आमच्याकडे खाली ताट वाढलं जातं. त्यात खोटं काही नव्हतं.

किती साधे दिवस होते ते. डबा खायला सगळे माळ्याच्या पायथ्याशी बसायचे, भट्टीची घरघर पाठीशी. ती घरघर इतकी अंगवळणी पडलेली की सुटीच्या दिवशी घरात शांततेने मास्तरांचं डोकं चढायचं आणि मग ते विनाकारण बायकोशी वाद काढायचे. ती म्हणायची, अहो, जाऊन या कामावर, घर तरी शांत राहील. पुढे माळ्यावर आणि प्रयोगशाळेत दोघांचे केस पांढरे झाले. नमुने आपोआप नळीतून प्रयोगशाळेत जाऊ लागले, आणि आकडे चिठ्ठीवर न येता परस्पर संगणकात जमा व्हायला लागले. ते आकडे उघडून कोण बघतंय, याची फिकीर कुणी केली नाही. थोरली चाललीय ना, मास्तर आहेत ना, झालं तर मग.

मास्तरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं तेव्हा बंदरावर गॅसची जहाजं यायला लागली. इथेनचा गॅस, नाफ्त्याहून कितीतरी स्वस्त. लगेच मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या, बोलायला मृदू आणि हिशेबाला पक्क्या. सगळे त्यांना आकडेबाई म्हणायला लागले. त्यांनी मास्तरांना नीट समोर बसवून समजावलं. शंभर किलो गॅस भट्टीत घातला, न तुटलेला पुन्हा पुन्हा फिरवला, तर ऐंशी किलो इथिलीन हातात येतं. नाफ्त्यातून मिळतं तीस. पण नाफ्त्याच्या घरात प्रोपिलीन आहे, रबराचे वायू आहेत, ते चार हात कमावते आहेत. गॅसचं घर म्हणजे एकुलत्या एका कमावत्याचं. त्याच्या एकट्याच्या जिवावर चालतं, पण खर्चही कमी. तेव्हा सहाही भट्ट्या गॅसवर न्यायच्या की काही नाफ्त्यावर ठेवायच्या, हे ठरणार होतं ते नाफ्ता अजून किती देतो यावर.

मास्तरांना ती पोरगी आवडली. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या कामाचा हिशेब त्यांना कळेल असा सांगितला होता. त्यांनीच सुचवलं, थोरलीवर चाचणी घ्या. सगळ्यांत जुनी तीच. ती साठ दिवस टिकली आणि सोळा प्रोपिलीन दिलं तर धाकट्या तिच्याहून सरसच असणार. बाईंनी मान्य केलं. मास्तर त्या दिवशी घरी गेले ते लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखे.

चाचणी अडतिसाव्या दिवशी संपली. नळ्या काजळीने इतक्या भरल्या की थोरली बंद करावी लागली. प्रोपिलीनची सरासरी निघाली साडेबारा. मास्तरांना ते खरंच वाटेना. रोज दोन वेळा त्यांनी जातीने रंग बघितला होता. संत्र्याच्या सालीसारखा, शांत. हवा तसा.

अहवालात आकडेबाईंनी लिहिलं ते कुणीही लिहिलं असतं. जुन्या भट्ट्यांच्या नळ्या थकल्या आहेत, नाफ्ता परवडत नाही, सहाही गॅसवर न्याव्यात, प्रोपिलीन वेगळं काढणारा मागचा मनोरा आणि जड वायूंचं युनिट बंद करावं. अंतिम बैठक शुक्रवारी. कुंपणापलीकडे बातमी पोहोचायला तासही लागला नाही. जड वायू बाहेरून विकत आणले तर रबराच्या कारखान्याला कुलूपच लागायचं. संध्याकाळी मेहुणा घरी आला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलला आणि मूळ गोष्ट न काढताच उठून गेला. ते मास्तरांना जास्त लागलं.

काजळी जाळून थोरली पुन्हा पेटवली होती. बुधवारी सकाळी मास्तर वर चढले आणि झडप सरकवणार तोच वाऱ्याने उजव्या डोळ्यात कण गेला. डोळा चोळून लाल झाला, पाणी थांबेना. मग पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डावा डोळा झडपेला लावला. आत नळ्या पिवळ्याधमक दिसल्या, जवळजवळ पांढऱ्याकडे झुकलेल्या. भट्टी भलतीच तापलीय असं समजून ते फोनकडे धावले, आणि मग मध्येच थांबले. डोळा धुऊन आले. उजव्याने बघितलं, संत्र्याची साल. डाव्याने बघितलं, पिवळ्याधमक. उजवा, डावा, उजवा, डावा. माळ्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं ते बरं झालं. म्हातारा झडपेपाशी असा काय डोलतोय, असंच वाटलं असतं कुणाला.

मग सगळं एकेक करून ध्यानात आलं. अलीकडे थोरली साठाऐवजी पन्नाशीच्या आतच काजळायची, ते त्यांनी नाफ्त्याच्या प्रतीवर ढकललं होतं. संध्याकाळी दिव्यांभोवती दिसणारी धुरकट कडी. वर्तमानपत्र खिडकीशी नेऊन वाचणं. कारखान्याच्या दवाखान्यात दरवर्षी डोळे तपासत, पण भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बारा वर्षं तोच होता आणि मास्तरांना तो तोंडपाठ होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पडदा चढत गेला होता, त्याबरोबर नळ्या त्यांना मंद दिसत गेल्या, आणि ते फोनवरून सांगत गेले, थोरलीला पाच वर घ्या, अजून पाच घ्या. चाचणीत नाफ्त्याचा भुगा केला होता तो त्यांनीच. नळ्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी फोन उचलला, थोरलीला तीस अंश खाली घ्या म्हणाले. पलीकडच्याने विचारलं, तीस? मास्तर म्हणाले, सांगितलं तेवढं कर.

त्या दिवशी आणि गुरुवारी ते कुणाशी धड बोलले नाहीत. गप्प बसणं सोपं होतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. नळ्या थकल्या म्हणून सगळे मोकळे झाले असते. थोरलीला निरोप, त्यांना निरोप, दोन्ही मानाने. बोलावं तर नियम स्पष्ट होता, डोळा अधू असलेल्या माणसाने माळ्यावर पाय ठेवायचा नाही. आणि पस्तीस वर्षं कमावलेलं एकच काय ते नाव, तेही गेलं असतं. खोटं कशाला सांगू, त्यांना गप्प बसावंसं वाटत होतं. घरी बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय, आणि दोनदा ते तिच्या अंगावर खेकसले.

शुक्रवारी बैठकीत मोठ्या साहेबांनी त्यांना आदराने पुढच्या खुर्चीवर बसवलं. साहेबांना फक्त एक शिक्का हवा होता. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमच्याइतकं थोरलीला कुणी बघितलेलं नाही. नळ्या थकल्या, असंच म्हणायचं ना?"

मास्तर उभे राहिले. "नळ्या धडधाकट आहेत साहेब," ते म्हणाले. "माझा उजवा डोळा गेलाय. मी तिला जाळत होतो."

साहेब कागद चाळत बसले. आकडेबाईंनी मात्र हळूच विचारलं, कधीपासून? मास्तर म्हणाले, ते मला सांगता येणार नाही, पण बुधवारपासून तीस अंश खाली आहे, तेव्हापासूनचे आकडे बघा. बाईंनी तिथल्या तिथे संगणक उघडला. दोन दिवसांत प्रोपिलीन साडेबारावरून पंधरा-सोळाच्या घरात आलं होतं. मग त्या मागे मागे जात राहिल्या. दोन वर्षं मागे. मिथेन महिन्यागणिक थोडा थोडा चढलेला, प्रोपिलीन थोडं थोडं उतरलेलं, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. सगळं तिथेच होतं, बैठकीतल्या कुणी उघडून बघितलं नव्हतं इतकंच.

अहवाल मागे घेतला गेला. पुढे महिनाभरात ठरलं ते असं की तीन भट्ट्या गॅसवर जातील आणि थोरलीसह तीन नाफ्त्यावर राहतील. गॅस महागला तर नाफ्ता, नाफ्ता महागला तर गॅस, आणि रबरवाल्यांचं ताट चालू. थोरलीला नवे तापमापक मिळाले, झडपांपुढे कॅमेरे बसले. पण ते पुढचं. त्या शुक्रवारी मास्तरांकडून माळ्याची किल्ली घेतली गेली, आणि त्यांनी ती टेबलावर ठेवली.

घरी ते दुपारीच आले. बायकोची सकाळची पाळी होती, ती नुकतीच पोहोचली होती. प्रयोगशाळेपर्यंत सगळं कळलं होतं. तिने पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. वाटेत एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घुमत होती. दोन वर्षं ते आकडे संगणकात गेले होते, आणि ते तपासणारी बाई त्यांच्या घरात राहत होती.

"तुला दिसत होतं," ते म्हणाले. "मिथेन चढताना तुला रोज दिसत होतं. मग एका शब्दाने बोलली का नाहीस? माझी अब्रू झाकत होतीस?"

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही.

"अब्रू कसली झाकते," ती म्हणाली. "मला वाटलं आमचं यंत्र बिघडलंय. तीनदा कारागीर बोलावला. तिसऱ्यांदा तो वैतागला, म्हणाला बाई, यंत्र एकदम ठीक आहे, भट्टीत बघा काय चाललंय ते. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, भट्टीवर कोण उभं आहे ठाऊक आहे का तुला?"

मास्तर खाली बसले. मग त्यांनी तो बाजूला सारलेला पेला ओढून घेतला आणि पाणी प्यायले, आणि डोळ्यांतून, चांगल्याही आणि गेलेल्याही, पाणी येत राहिलं. ते पुसायला ती आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून ठेवला, सोडलाच नाही.