काळी दोनची गिटार

निमगाव सावाच्या बहिरूनं एकसष्टाव्या वर्षी गिटार हातात धरली आणि त्याच्या बायकोनं, बानूबाईनं, कपाळाला हात लावला. "आवं, एक तार वाजवत जल्म गेला. ह्या सहा कुठं सांभाळताय?"

खरंच होतं तिचं. चौतीस वर्षं हा माणूस तमाशाच्या फडात तुणतुण्यावर उभा होता. मागं सूर धरणारे सुरत्ये बदलले, ढोलकीवाले बदलले, राजे-प्रधान बदलले, पण फडाची गाणारी बाई म्हणजे आशाबाई, आणि तिच्या डाव्या खांद्यामागं बहिरू कायम. पडदा उघडण्याआधी बाई त्याच्याकडं नुसती मान वळवायची, हा खुंटी पिळायचा, तार तिच्या आवाजाला जाऊन भिडली की मगच ती पायात चाळ बांधायची. बाई काळी दोनमध्ये गायची. पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर तिचा सा. असला चढा आवाज, राव, भोंग्याविना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा.

आषाढात फडमालक भगवंत घरी आला. चहा घेतला आणि खाली बघत म्हणाला, "बहिरूभाऊ, औंदा स्टेजवर तुणतुणं न्हाई. पब्लिकला गिटार पायजे. दसऱ्यापर्यंत शिकलात तर फडाच्या गाडीत तुमची जागा हाय. न्हाईतर मला दुसरा बघावा लागंल."

बहिरूला आयुष्यात ती गाडी सोडून दुसरं काही ठाऊक नव्हतं. मग नात संस्कृती त्याची गुरू झाली. फोनवर बघून ती सांगायची, गिटारच्या दांडीवर कुठल्या पडद्यात कुठला सूर. तिच्या कागदावर सगळी इंग्रजी अक्षरं. बहिरूनं तो कागद बाजूला सारला. आपल्या पद्धतीनं त्यानं आधी चौथी तार आशाबाईच्या ‘सा’ला लावली, बाकीच्या तिच्या मागोमाग चढवल्या, आणि नातीच्या लाल नेलपेंटनं दांडीवर एकेक सूर रंगवला. सा, रे, ग, म.

"आबा, फोन म्हणतोय अर्धा सूर खाली पायजे," संस्कृती म्हणाली.

"फोनला सांग, बाई काळी दोनमध्ये गाती."

अडीच महिने तो ठिपके गिरवत बसला. बोटांना घट्टे पडले. पुढं पुढं तर बानूबाई चुलीपुढून ओरडायची, "गंधार चुकला," आणि चुकलेला असायचाच.

तालमीच्या दिवशी नारायणगावात सगळा फड जमला. बहिरू ऐटीत बसला, तार जुळवली, आणि सवयीनं उजवीकडं वर बघितलं.

तिथं आशाबाई नव्हती. विशीतली एक मुलगी उभी होती, प्राची नावाची. तिनं तोंड उघडलं आणि बहिरूचा हात दांडीवरच थिजला. सा भलतीकडंच लागला होता. काळी चार, तीही खालच्या सप्तकातली. आवाज गोड, पण खालचा, माईकला धरून गाणारा. त्यानं घाईनं आपला लाल सा दाबला, तो तिच्या सुरात खड्यासारखा लागला. रे दाबला, ग दाबला. रंगवलेला सा कुठंच तिचा सा होईना. अडीच महिन्यांत आपण गिटार शिकलोच नाही, फक्त बाईचा गळा पाठ केला, हे त्याला तिथं भर तालमीत कळलं.

"बाई कुठं हायेत?" त्यानं विचारलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून घोगरी कुजबुज आली, "हितं हाय."

आशाबाई. गळ्याला मफलर. उन्हाळ्यातच आवाज गेला होता, डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं.

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"मीच सांगू दिलं न्हाई, भाऊ. सांगितलं असतं तर तुमी गिटार भिंतीला टेकवून ठेवली असती."

भगवंत घड्याळाकडं बघत होता. "जमतंय का, भाऊ? न्हाईतर तसं सांगा."

"तिच्याकडं बघा," बाई त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "आन् ठिपक्यांकडं बघू नगा. माझ्याकडंबी नगं."

प्राचीनं पुन्हा सा धरला. बहिरूनं डोळे मिटले आणि अंधारात खुंटी चाचपावी तशी एकेक तार मोकळी छेडली. तिसऱ्या तारेला अंगावर काटा आला. जुळली. आशाबाईचा मध्यम, तोच ह्या पोरीचा सा. दांडी तीच होती, फक्त ‘सा’चं गाव एक तार पलीकडं सरकलं होतं. जिथं लाल सा होता तिथं आता पंचम वाजत होता. दोन जागी तो चुकला, तिसऱ्या ओळीला सावरला.

"बास," भगवंत म्हणाला. "दसऱ्याला गाडीत बसा."

ज्यासाठी एवढं केलं ते मिळालं, पण बहिरूच्या कानात ते शिरलंच नाही. तो आशाबाईकडं बघत राहिला. "आन् तुमी कुठं बसणार?"

"घरी."

चौतीस वर्षांत गाडी तिच्याविना कधी हलली नव्हती. मग बहिरू हळूच प्राचीकडं वळून बसला, तिच्या डाव्या खांद्यामागं.

"पोरी," तो म्हणाला, "परत एकदा सा लाव. मला तू ठाऊक न्हाईस अजून."