मैनाचा नंबर

माझी सून म्हणून सांगत नाय, पण हिरकणीवाडीत मैनासारखी हट्टी बाई दुसरी नाय. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाली आणि आज गोऱ्या पाहुण्यांना गड दाखवते. काही लोकांच्या नाकाला त्यानेच मिरच्या झोंबल्या.

मी रंगूबाई. पायऱ्यांच्या सुरुवातीला माझी पिठलं-भाकरीची टपरी हाय. मुलगा चांगू मुंबईला कामाला. मैना लग्न होऊन आली तेव्हा ताक विकायला गडावर जायची. पाहुण्यांचं बोलणं कानावर पडलं की मराठी अक्षरांत वहीत लिहायची. सारखे दिसणारे बोल तिला फार छळायचे. ‘ऑन द वे’ आणि ‘इन द वे’ घ्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकदा आमच्या चंदू गाईडने एका बाईला सांगितलं, रंगूबाईची टपरी ‘इन द वे’ हाय. ती बिचारी विचारते, मग हटवत का नाही? वाटेत लागणारी माझी टपरी मेल्याने वाट अडवणारी करून टाकली.

मैनाने गडाच्या एकेका वळणाला एकेक जोडी वाटून दिली होती. वळण आलं की जोडी म्हणायची, मग पुढे चढायचं. घरी मला शिकवायची, “आई, रोपवे ऑन टाइम सुटतो, आपण इन टाइम पोचायचं.” ठरल्या वेळेला आणि वेळ टळायच्या आत, एवढाच फरक. मला डोंबल कळायचं, पण मान हलवायची. हळूहळू ती गाईड झाली. दुपारी चंदू आणि आणखी चार गाईड तिच्याकडे शिकायला बसू लागले.

आमच्याकडे गाईडांची रीत अशी की सकाळी येईल त्याने आपली काठी पहिल्या पायरीशी ओळीने ठेवायची. ज्याची काठी पुढे, त्याला पहिला पाहुणा. मागल्या वर्षी गाईड मंडळीचा म्होरक्या मुरारी याने नवा नियम काढला. परदेशी पाहुणा फक्त दहावी पास गाईडला मिळणार. म्हणजे मैनाचा नंबर गेला. वर हा शहाणा तिला म्हणतो, तुझी वही दे, सगळ्यांना झेरॉक्स वाटतो.

“वही पायजे आणि बाई नको? नाय जमायचं,” मैना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आत गेली. तिची काठी पहिली, चंदूची दुसरी. नऊच्या सुमाराला पाच परदेशी पाहुणे गाडीतून उतरले. मुरारीने मैनाची काठी उचलून बाजूला ठेवली. तिने ती परत ओळीत ठेवली. त्याने पुन्हा उचलली, तिने पुन्हा ठेवली. पाहुणे बघत राहिले. मी हातातली भाकरी तव्यावर टाकून तशीच धावले.

मैना शांतपणे म्हणाली, “भाऊजी, परीक्षा घ्यायची तर हितंच घ्या, या पाहुण्यांसमोर. पण सगळ्यांची घ्या. पयली तुमची.”

मुरारी लालबुंद झाला. नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्याने चंदूला पाहुणे घेऊन जायला सांगितलं. चंदू दहावी पास होता. त्याने होय म्हटलं असतं तर मैनाला गडावर कुणी विचारलं नसतं, जन्मभर ताकच विकावं लागलं असतं.

चंदू जागचा हलला नाय. खाली बघतच म्हणाला, “माझा नंबर तिच्या मागं हाय.”

मागचे चौघंही आपापल्या काठीजवळ उभे राहिले. मुरारीला स्वतःलाच जावं लागलं असतं, पण म्होरक्या झाल्यापासून त्याने ओळीत काठीच ठेवली नव्हती. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू. मैनाने काठी उचलली, पाहुण्यांना हसून नमस्कार केला आणि पायऱ्या चढायला लागली.

मुरारी मागून ओरडला, हे फक्त आजच्या दिवसापुरतं हाय, नियम काय बदललेला नाय.

मैनाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाय. “उद्या परत ठेवीन,” एवढंच म्हणाली.